क्लाउझेवित्सचं ‘ऑन वॉर’: कोणती प्रत घ्यावी आणि कोणती दुकानातच सोडावी

‘ऑन वॉर’ची प्रत हातात आली की आधी अनुक्रमणिकेचा शेवट बघा. शेवटचं प्रकरण रात्रीच्या लढाईवरचं असेल तर प्रत जागच्या जागी ठेवून द्या, कारण ते अर्धंच पुस्तक आहे. कार्ल फॉन क्लाउझेवित्स या प्रशियन (प्रशिया म्हणजे तेव्हाचं एक जर्मन राज्य) जनरलच्या मूळ जर्मन ग्रंथाचे भाग आठ आणि प्रकरणं १२५. रात्रीच्या लढाईचं प्रकरण चौथ्या भागाच्या अखेरीस येतं, म्हणजे ४६ वं. पुढची ७९ प्रकरणं अशा प्रतीत नसतात. रसद नाही, बचाव नाही, हल्ला नाही आणि युद्धाची आखणीही नाही.

हा घोळ लबाडीपेक्षा आळसातून होतो. कर्नल जे. जे. ग्रॅहम यांचा १८७३ चा इंग्रजी अनुवाद हक्कमुक्त आहे. १९०८ मध्ये तो एफ. एन. मॉड यांच्या प्रस्तावनेसह तीन खंडांत निघाला आणि त्यातला पहिला खंड प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतो. मागणीनुसार छापणारे छोटे प्रकाशक तोच उतरवून घेतात, मुखपृष्ठावर घोड्यावरचा नेपोलियन चढवतात आणि ‘खंड पहिला’ हे दोन शब्द तेवढे गाळतात. स्वस्त ई-पुस्तकांचीही तीच गत. आतल्या पानावर अनुवादकाचं नावच नसेल, तर मजकूर ग्रॅहम यांचा आहे असं खुशाल धरून चाला.

दुसरा घोळ पातळ पुस्तकाचा. ‘प्रिन्सिपल्स ऑफ वॉर’ या नावाने मिळणारी छोटी पुस्तिका म्हणजे या ग्रंथाचा सारांश नव्हे. १८१२ मध्ये प्रशिया सोडताना क्लाउझेवित्सने आपल्या शिष्यासाठी, म्हणजे प्रशियाच्या युवराजासाठी लिहिलेलं ते टिपण आहे. हान्स गाट्झके यांनी १९४२ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला लढाई समजावी इतकाच त्याचा हेतू. मोठ्या ग्रंथाचा गाभा असलेले विचार त्यानंतर कितीतरी वर्षांनी आकाराला आले.

आवृत्त्यांची तुलना करण्याआधी या माणसाची नोकरी नीट समजून घ्यावी लागते. एरवी लेखकाचं चरित्र प्रस्तावनेत ढकललं तरी चालतं, इथे चालत नाही. हे पुस्तक कुठे पक्कं आहे आणि कुठे कच्चं, हे त्याच्या बदल्या, नेमणुका आणि मृत्यू यांच्या तारखांवरूनच कळतं.

जन्म १ जून १७८० चा, माग्डेबुर्गजवळच्या बुर्ग गावातला. वडील सप्तवार्षिक युद्धात (१७५६-६३) लेफ्टनंट होते, पुढे करवसुलीच्या नोकरीत गेले. घराण्याच्या नावामागच्या ‘फॉन’वर सरकारी शिक्कामोर्तब व्हायला १८२७ उजाडलं. मुलगा बाराव्या वर्षी पायदळाच्या पलटणीत दाखल झाला आणि १७९३ मध्ये माइन्झच्या वेढ्यात त्याने पहिल्यांदा तोफा ऐकल्या. १८०१ मध्ये बर्लिनच्या अधिकारी-शाळेत तो शार्नहोर्स्ट या अधिकाऱ्याच्या हाताखाली आला आणि तिथून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडला. शार्नहोर्स्ट हा त्याचा खरा गुरू. आधी लढाईत काय घडलं ते बघा, नियम नंतर मांडा, ही शिकवण तिथली.

मग १४ ऑक्टोबर १८०६. येना आणि आउअरश्टेट अशा एकाच दिवशी झालेल्या दोन लढायांत फ्रेडरिक द ग्रेटच्या नावावर जगणारं प्रशियन सैन्य कोलमडलं. क्लाउझेवित्स प्रशियन राजघराण्यातल्या प्रिन्स ऑगस्टचा अ‍ॅडज्युटंट (मदतनीस अधिकारी) म्हणून आउअरश्टेटला होता. दोन आठवड्यांनी प्रेन्झलाऊजवळ दोघेही फ्रेंचांच्या हाती लागले आणि १८०७ च्या उत्तरार्धापर्यंत त्यांचा मुक्काम सक्तीने परमुलखात पडला. परतल्यावर तो शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाऊ यांच्या सुधारणावादी गटात सामील झाला, मेजर झाला, युद्धशाळेत छोट्या तुकड्यांच्या लढाईवर व्याख्यानं देऊ लागला आणि युवराजाला शिकवू लागला. १७ डिसेंबर १८१० ला मारी फॉन ब्र्यूलशी लग्न झालं. दोघांची ओळख १८०३ ची. ती सरदार घराण्यातली, हा जवळजवळ निर्धन, त्यामुळे सात वर्षं वाट पाहण्यात गेली.

१८१२ मध्ये प्रशियाचा राजा नेपोलियनच्या बाजूने रशियावर चालून जायला तयार झाला. क्लाउझेवित्सने राजीनामा दिला आणि रशियाच्या झारची नोकरी धरली. रशियन भाषा येत नव्हती, त्यामुळे तिथे त्याच्या हाती फार काही देता येईना. तरी स्मोलेन्स्क आणि बोरोदिनोच्या लढाया त्याने डोळ्यांनी पाहिल्या. ३० डिसेंबर १८१२ ला टाउरोगेन इथे जनरल योर्कने राजाला न विचारता आपली प्रशियन कोअर (अनेक डिव्हिजनांची फौज) तटस्थ केली. त्या वाटाघाटीत रशियनांच्या वतीने ये-जा करणाऱ्यांत क्लाउझेवित्स होता. देशाच्या दृष्टीने हे काम मोठं, पण राजाच्या मनातली अढी गेली नाही. १८१३ ची अख्खी मोहीम त्याला रशियन गणवेशातच काढावी लागली आणि प्रशियन सैन्यात परत घेतलं गेलं ते १८१४ मध्ये.

१८१५ मध्ये तो प्रशियन जनरल टीलमानच्या तिसऱ्या कोअरचा चीफ ऑफ स्टाफ होता. १६ जूनला लिन्यीत प्रशियन हरले. १८ तारखेला सारं जग वॉटर्लूकडे बघत असताना याच्या कोअरने वाव्रजवळ नेपोलियनचा मार्शल ग्रूशी याच्या जवळपास दुप्पट फौजेला अडवून धरलं. १९ ला त्यांना मागे हटावं लागलं. म्हणजे स्थानिक लढाई हरली, पण ग्रूशी नेपोलियनपर्यंत पोहोचला नाही. बचाव हा युद्धाचा अधिक बळकट प्रकार आहे, हे या पुस्तकातलं सर्वांत वादग्रस्त विधान वाचताना वाव्र लक्षात ठेवावं.

१८१८ मध्ये मेजर जनरलची बढती आणि बर्लिनच्या युद्धशाळेचं संचालकपद मिळालं. ऐकायला झकास, प्रत्यक्षात कारकुनी. अभ्यासक्रम काय असावा यात त्याला फारसा शब्द नव्हता, शिस्त आणि हिशेब सांभाळायचे. लंडनला राजदूत म्हणून जायची त्याची खटपटही दरबारातल्या जुन्या संशयाने फुकट गेली. या बारा वर्षांच्या अडगळीतच हा ग्रंथ लिहिला गेला. १८३० मध्ये तोफखान्यात बदली झाली तेव्हा त्याने हस्तलिखितं गठ्ठ्यांत बांधून मोहरबंद केली, परत उघडायच्या इराद्याने. तेवढ्यात पोलंडमध्ये उठाव झाला. सीमेवरच्या फौजेचा प्रमुख ग्नायझेनाऊ आणि त्याचा चीफ ऑफ स्टाफ क्लाउझेवित्स, अशी जोडी पोझेनला गेली. ऑगस्ट १८३१ मध्ये ग्नायझेनाऊ कॉलऱ्याने गेला. क्लाउझेवित्स ब्रेस्लाऊला परतला आणि १६ नोव्हेंबरला त्यालाही कॉलऱ्यानेच गाठलं. वय ५१.

गठ्ठे उघडले ते मारीने. १८३२ ते १८३७ या काळात बर्लिनच्या ड्युमलर प्रकाशनाकडून दहा खंड निघाले, पहिले तीन म्हणजे हा ग्रंथ. पहिल्या खंडाची प्रस्तावना तिची आहे. एका बाईने अशा विषयाला प्रस्तावना लिहावी याचं वाचकाला नवल वाटेल, हे तिने स्वतःच सुरुवातीला सांगून टाकलंय. ती १८३६ मध्ये वारली, शेवटचे खंड तिने पाहिले नाहीत.

त्या गठ्ठ्यांत दोन टिपणं होती. कोणत्याही आवृत्तीची परीक्षा इथूनच सुरू करावी. पहिलं टिपण १० जुलै १८२७ चं. त्यात लेखक म्हणतो की पहिले सहा भाग अजून ओबडधोबड आहेत, सगळं नव्याने लिहायचंय, कारण युद्धाचे दोन प्रकार असतात हे आता स्पष्ट झालंय: शत्रूला पूर्ण लोळवायचं, किंवा सीमेवरचा थोडा मुलूख घेऊन तडजोड करायची. दुसऱ्या टिपणावर तारीख नाही, त्यामुळे ते आधीचं की नंतरचं यावर अभ्यासक अजून भांडतात. त्यात तो सांगतो की पहिल्या भागाचं पहिलं प्रकरण तेवढं त्याच्या मते पूर्ण झालंय. १२५ पैकी एक! ज्या प्रतीत ही दोन्ही टिपणं नाहीत, ती प्रत कच्चा खर्डा पक्क्या ग्रंथाच्या भावात विकते.

आता आवृत्त्या.

मायकेल हॉवर्ड आणि पीटर पारेट यांचा प्रिन्स्टन विद्यापीठाचा अनुवाद १९७६ चा. घ्यायचा तर १९८४ ची सुधारित, शब्दसूची असलेली आवृत्ती घ्या. सव्वासातशेहून अधिक पानं, दोन्ही टिपणं, मारीची प्रस्तावना, सुरुवातीला पारेट, हॉवर्ड आणि बर्नार्ड ब्रोडी यांचे निबंध आणि शेवटी ब्रोडींचंच वाचन-मार्गदर्शन. हे मार्गदर्शन एका दमात वाचायचं नाही. प्रत्येक भाग सुरू करण्याआधी त्या भागापुरतं वाचायचं, म्हणजे पुढे कुठे माती आहे आणि कुठे सोनं याचा अंदाज येतो. इंग्रजी स्वच्छ, वाक्यं आटोपशीर. खोट तीच: मूळ जर्मन लेखक अडखळतो, अटी घालतो, स्वतःलाच खोडतो, आणि या अनुवादात तो प्राध्यापकासारखा ठाम बोलतो. राजकारण आणि धोरण या दोन्ही अर्थांच्या एकाच जर्मन शब्दाला त्यांनी बहुतेक ठिकाणी ‘पॉलिसी’ केलं, त्यामुळे सत्तेची ओढाताण मागे पडते आणि युद्ध हा मंत्रालयातला फाइलीचा विषय वाटू लागतो. तरीही एकच प्रत घ्यायची असेल तर हीच.

हाच अनुवाद एव्हरीमन्स लायब्ररीने १९९३ मध्ये कापडी बांधणीत काढला. मजकुरात फरक नाही, फरक टिकाऊपणात. या पुस्तकाची पानं पुढेमागे सतत चाळावी लागतात. पहिल्या भागातला मुद्दा आठव्यात परततो, सहाव्यातला सातव्यात उलटा होतो. इतक्या जाड पेपरबॅकचा कणा असल्या वापराला लवकर भेगाळतो. वर्षानुवर्षं वापरणार असाल तर कापडी प्रतीचे जास्तीचे पैसे वसूल होतात. एकदाच वाचून कपाटात ठेवायची असेल तर पेपरबॅक बस झाली.

ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्सची २००७ ची आवृत्ती म्हणजे याच अनुवादाचा बेआट्रिस हॉयझर यांनी केलेला संक्षेप, साधारण तीनशे पानांत. काटछाट जाणकार हाताची आहे, गेली ती मुख्यतः जुन्या तंत्राची प्रकरणं. राज्यशास्त्र किंवा आंतरराष्ट्रीय संबंधांच्या विद्यार्थ्याला आणि स्पर्धा परीक्षेच्या वाचकाला हे पुरतं. लष्करी इतिहासाचा नाद असेल त्याची मात्र नेमक्या वगळलेल्या पानांवर अडचण होईल.

पेंग्विनची १९६८ ची प्रत सर्वांत सहज मिळते, आणि नेमकी तिच्याबद्दलच सावध करावं लागतं. संपादक अनातोल रापोपोर्ट हे गणितज्ञ आणि शांततावादी. त्यांना शीतयुद्धातल्या अण्वस्त्र-रणनीतिकारांशी भांडायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी क्लाउझेवित्सची पाठ वापरली. लांबलचक प्रस्तावना १९६० च्या दशकातल्या अमेरिकी वादावर आहे. त्या वादाचा दस्तऐवज म्हणून ती वाचनीय, पण प्रशियन जनरलची ओळख म्हणून कुचकामी. मजकूर ग्रॅहम यांचा, तोही पाचवा, सहावा, सातवा भाग कापून. बचावाचा सहावा भाग हा ग्रंथातला सर्वांत मोठा, ३० प्रकरणांचा. तो काढला की उरतो तो फक्त हल्लाखोर क्लाउझेवित्स. वर मॉड यांची १९०८ ची युद्धखोर प्रस्तावनाही ठेवली आहे. नवा वाचक तिघांचे आवाज एकात मिसळतो आणि मॉड यांची मतं क्लाउझेवित्सच्या तोंडी घालतो.

ग्रॅहम यांचा संपूर्ण तीन-खंडी अनुवाद फुकटात मिळाला तर ठेवून द्यावा, मूळ वाक्यांची वळणं त्यात बरीच टिकली आहेत. पण त्यात एक जुना फेरफार मुरलेला आहे. आठव्या भागाच्या सहाव्या प्रकरणात क्लाउझेवित्सने लिहिलं होतं की सेनापतीला मंत्रिमंडळात घ्यावं, म्हणजे त्याच्या महत्त्वाच्या निर्णयांत मंत्रिमंडळाला भाग घेता येईल. मारीचा भाऊ फ्रीडरिश फॉन ब्र्यूल याने १८५३ च्या दुसऱ्या आवृत्तीत वाक्य उलटं केलं: सेनापतीला मंत्रिमंडळाच्या निर्णयांत भाग घेता यावा म्हणून. लगाम कोणाच्या हातात, हाच प्रश्न फिरवला. पुढे जवळजवळ शंभर वर्षं जर्मनीत हाच पाठ छापला जात होता. १९५२ मध्ये वेर्नर हालवेग यांनी पहिल्या आवृत्तीवरून मूळ वाक्य परत आणलं. ग्रॅहम यांच्यापुढे बदललेला पाठ होता. हॉवर्ड-पारेट यांनी मूळ पाठ घेतला आणि तळटीपेत फेरफाराची नोंदही केली. कोणतीही अनोळखी प्रत हाती आली तर हे एक वाक्य काढून बघा. प्रत कोणत्या पाठावर बेतलेली आहे, ते लगेच कळतं.

ओ. जे. माथिस जोलेस यांचा १९४३ चा अनुवाद जाणकारांना आवडतो, कारण तो जर्मनच्या जास्त जवळ राहतो. आता तो मुख्यतः मॉडर्न लायब्ररीच्या २००० सालच्या, सुन त्झू या प्राचीन चिनी युद्धविचारवंताच्या ग्रंथासोबत बांधलेल्या जोडग्रंथात सापडतो. दुसरी प्रत म्हणून उत्तम. जर्मन शिकलेल्यांनी, पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनातून बऱ्यापैकी वरच्या पायऱ्या चढलेल्यांनी, हालवेग यांची आवृत्तीच मिळवावी. वाक्यं लांब आहेत, पण शब्द अवघड नाहीत. तत्त्वज्ञानाची जर्मन वाचून घाबरलेल्यांना सुखद धक्का बसेल.

कोणतीही प्रत घ्या, नकाशे नाहीत. हा या ग्रंथाच्या बाजारातला सर्वांत मोठा दोष. लेखक कोलिन, होखकिर्ख, लॉयथेन, टोरगाऊ ही लढायांची नावं वाचकाला पाठ असल्यासारखी फेकत जातो, कारण त्याच्या वाचकाला ती पाठ होती. सप्तवार्षिक युद्ध आणि नेपोलियनच्या मोहिमा दाखवणारा ऐतिहासिक अ‍ॅटलास शेजारी लागतोच. मोबाइलवर शोधताना जुनी नावं चालत नाहीत: ब्रेस्लाऊ म्हणजे पोलंडमधलं आजचं व्रोत्स्वाफ, पोझेन म्हणजे पोझनान, लॉयथेन म्हणजे लुतिन्या, क्योनिग्सबेर्ग म्हणजे रशियाचं कालिनिनग्राड, टाउरोगेन म्हणजे लिथुआनियातलं टाउरागे. मैलांचीही खबरदारी घ्या. प्रशियन मैल साडेसात किलोमीटरचा. मूळ जर्मनमध्ये दिवसाची नेहमीची मजल तीन मैल आणि लांबच्या कूचमध्ये दोन मैल असं दिसलं तर ते अनुक्रमे साडेबावीस आणि १५ किलोमीटर होतात.

वाचायला कुठून घ्यावं? दोन्ही टिपणं आधी. मग पहिल्या भागाचं पहिलं प्रकरण, २८ छोट्या कलमांचं. इथे नवखे वाचक हमखास घसरतात. पहिल्या पाच कलमांत युद्धाची शुद्ध, कागदावरची कल्पना आहे: बळाला मर्यादा नाही, दोन्ही बाजू एकमेकांना टोकाकडे ढकलत जाणार. सहाव्या कलमापासून लेखक तीच कल्पना मोडायला घेतो. खरी युद्धं एका फटक्यात संपत नाहीत, शत्रू अगदीच अनोळखी नसतो, निकाल कायमचा नसतो. पाचव्या कलमावर थांबणारे त्याला रक्तपिपासू ठरवतात. युद्ध हे राजकारणाचंच पुढचं पाऊल, हे सर्वतोमुखी झालेलं विधान २४ व्या कलमात येतं आणि तेही शेवटचं नाही. शेवटचा शब्द २८ व्या कलमाचा: लोकांमधला द्वेष, सेनापतीपुढचा योगायोग आणि सरकारची बुद्धी या तीन ओढींच्या मधोमध युद्ध लटकत असतं. यातली एकच धरून सिद्धांत करणारा तोंडावर आपटणार, असं त्याने बजावून ठेवलंय.

मग चौथं प्रकरण, धोक्याविषयीचं. दोनच पानं, पण अख्ख्या ग्रंथातलं सर्वांत जिवंत लेखन. नवशिक्याला तो हाताला धरून रणांगणावर नेतो. आधी दूरचा तोफांचा आवाज, मग जवळ येत जाणारा गोळ्यांचा धप्प. टेकडीवर सेनापती आणि त्याचा स्टाफ उभा, तिथे गोळे इतके पडतात की तरुणाला आयुष्याचं गांभीर्य कळू लागतं. अचानक ओळखीचा माणूस कोसळतो. तिथून डिव्हिजनच्या जनरलकडे, तिथून ब्रिगेडियरकडे. हा शूर म्हणून नावाजलेला गृहस्थ घराआड, झाडाआड, उंचवट्याआड उभा आहे. छपरांवर छर्ऱ्यांचा सडा, कानाशेजारून बंदुकीच्या गोळ्यांची शीळ. शेवटी पायदळाची रांग, जिथे माणसं तासन् तास हे सोसत उभी आहेत. या वातावरणात डोकं खोलीतल्यासारखं चालत नाही, एवढंच त्याला सांगायचंय. बाराव्या वर्षी पलटणीत गेलेला माणूस लिहितोय, हे ओळीओळीत कळतं.

सातव्या प्रकरणात घर्षणाची कल्पना आहे: युद्धात सगळं सोपं असतं, पण सोपी गोष्ट करणंच अवघड. आठ हजारांच्या डिव्हिजनला सपाट रस्त्यावर तीन मैलांची मजल मारायला आठ ते दहा तास लागतात आणि डोंगराळ मुलखात दहा ते बारा, हे पाचव्या भागातले आकडे सोबत वाचले की ती कल्पना हवेत राहत नाही. त्याच भागात १८१२ चा हिशेब आहे. नीमेन नदी ओलांडताना नेपोलियनच्या मधल्या फौजेत ३ लाख १ हजार माणसं होती. १५ ऑगस्टला स्मोलेन्स्कजवळ, वाटेत वेगळे काढलेले १३ हजार ५०० वजा जाता २ लाख ८७ हजार ५०० उरायला हवी होती, उरली १ लाख ८२ हजार. म्हणजे १ लाख ५ हजार ५०० माणसं गळाली, त्यातली लढाईत पडलेली थोडीच. बाकीची भूक, पाऊस, रस्ता आणि आजारपणाने. पाचवा भाग कंटाळवाणा म्हणून कापणाऱ्यांनी हे पान तरी ठेवायला हवं होतं.

दुसऱ्या भागातलं पाचवं प्रकरण चुकवू नका. निर्णयाची चिकित्सा कशी करावी, हे त्यात उदाहरणांसह आहे. १७९६ मध्ये नेपोलियनने इटलीतल्या मांतुआ किल्ल्याचा वेढा उठवून, वेढ्याच्या तोफा सोडून, चालून येणाऱ्या ऑस्ट्रियन सेनापती वुर्म्झरला गाठलं आणि झोडपलं. सगळे वाहवा करतात. क्लाउझेवित्स विचारतो: वेढ्याच्या तटबंदीआडूनच वुर्म्झरला तोंड दिलं असतं तर? आठवड्याभरात पडणारा किल्ला तोफांअभावी पुढे सहा महिने टिकला, ही किंमत कोणी मोजली? तोच मार्ग बरोबर होता असा त्याचा आग्रह नाही. दुसरा मार्ग विचारात न घेता केलेली स्तुतीही फोल आणि टीकाही फोल, इतकाच मुद्दा. क्रिकेटच्या समालोचकांनाही हे प्रकरण सक्तीचं करायला हरकत नाही.

यानंतर थेट आठवा भाग, मग सहाव्याची पहिली सात-आठ प्रकरणं आणि त्यातलंच २६ वं, सशस्त्र जनतेविषयीचं. गनिमी काव्याच्या ओढीने मराठी वाचक तिथे सह्याद्री शोधणार हे उघड आहे. तो तिथे नाही, लेखकाच्या डोळ्यांपुढे स्पेनचा ताजा अनुभव आहे. पण त्याने घातलेल्या अटी नीट वाचा: युद्ध देशाच्या आतल्या मुलखात चाललेलं असावं, एका पराभवाने निकाली निघू नये, रणभूमी विस्तीर्ण असावी, लोकांचा स्वभाव त्या जातीचा असावा, आणि मुलूख डोंगर, जंगल, दलदल किंवा शेतीच्या पद्धतीमुळे तुटक असावा. सातवा भाग अगदी खर्डा आहे. त्यातलं पाचवं प्रकरण, हल्ल्याची कमाल मर्यादा कुठे येते हे सांगणारं, आणि शेवटचं २२ वं, एवढी पुरेत. चौथा भाग आवडीवर.

जोडीला चरित्र हवं असेल तर डोनाल्ड स्टोकर यांचं २०१४ चं मोहिमांच्या अंगाने जाणारं आणि वान्या एफ्तिमोवा बेलिंजर यांचं २०१५ चं मारीवरचं, दोन्ही ऑक्सफर्डची. दुसरं जास्त कामाचं, कारण ग्रंथ छापून येण्यामागची मेहनत त्यातच दिसते. पारेट यांचं चरित्र अजून प्रमाण मानलं जातं, पण ते सावकाश वाचायचं काम आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला आणखी एका पुस्तकाची शिफारस करावीशी वाटते: क्लाउझेवित्सने लिहिलेला १८१५ च्या मोहिमेचा इतिहास, बासफोर्ड, मोरान आणि पेडलो यांनी २०१० मध्ये ‘ऑन वॉटर्लू’ या नावाने इंग्रजीत आणलेला. त्यात वेलिंग्टनने १८४२ मध्ये त्या टीकेला दिलेलं उत्तरही आहे. हा वेलिंग्टन म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली. प्रशियन गोटात त्याच्या हिंदुस्थानातल्या दिवसांची चर्चा असे. वेलिंग्टनकडे संपर्क-अधिकारी म्हणून निघालेल्या जनरल म्युफलिंगला ग्नायझेनाऊने बजावलं होतं की जपून राहा, हा गृहस्थ नबाबांशी व्यवहार करून करून दुटप्पीपणात नबाबांच्याही वर गेलाय. म्युफलिंगने ते आठवणींत नोंदवून ठेवलंय. क्लाउझेवित्सची टीका मात्र मोजकी आणि लष्करी आहे: वेलिंग्टनची फौज फार पसरलेली होती आणि ती एकवटायला उशीर झाला. वेलिंग्टनचं उत्तर चिडलेलं पण मुद्देसूद. ‘ऑन वॉर’चा पहिला भाग संपवून हे वाचायला घेतलं तर सिद्धांत एका खऱ्या मोहिमेवर कसा लावायचा ते लेखकाच्याच हातून बघायला मिळतं, आणि या पुस्तकात नकाशेही आहेत.